मार्गे

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन उतरले आणि चार वर्षांचे काम एका काळ्या पोर्टफोलिओ बॅगेत, दोन लांब नळ्यांत आणि एका पेनड्राइव्हमध्ये बसवून मी पुण्याहून घरी आले. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माणदेशात आहे. आईला सगळे काम एकदमच बघायचे होते, म्हणून माउंट केलेले कागद सोप्यात सतरंजीवर मांडले. शेवटच्या वर्षाचे तीन मोठे प्रकल्प मी तेव्हाच पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिले: बसस्थानकाचा माहितीफलक, हुलग्याच्या (कुळथाच्या) पिठाचे पाकीट आणि पूर्ण न झालेला एक देवनागरी फाँट. वर्षभर मी ही तीन वेगळी कामे समजत होते आणि तीन वेगळ्या शिक्षकांकडे तपासायला नेत होते. त्या दुपारी माझ्या लक्षात आले की पहिल्या कामात जे शिकायला मिळाले त्याच्याच आधाराने पुढची दोन्ही उभी राहिली आहेत. ते नेमके काय, हे विसरण्याआधी लिहून ठेवावे असे वाटते.

मी शिकले तो विषय उपयोजित कला, पण हा शब्द आमच्या घरात कोणाच्या तोंडी बसलेला नाही. माझे मामा अजूनही ‘कमर्शियल आर्ट’ म्हणतात आणि त्यांचे काही चुकत नाही; मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली हा विभाग निघाला तो त्याच नावाने. मी या वाटेला लागले ती शाळेतून दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे. इंटरमिजिएटला भूमितीबरोबर अक्षरलेखन असते, आणि इतर मुले ज्या पेपरला कंटाळत त्याचीच मला गोडी वाटे. पट्टीने दोन रेषा आखून त्यांच्यामध्ये अक्षरे उभी करण्यात जो नेमकेपणा लागतो तो मला आवडत होता. पुढे प्रवेशपरीक्षा देऊन पुण्यात आले, आणि पहिली दोन वर्षे मी अक्षरांकडे शोभेची वस्तू म्हणूनच पाहत राहिले.

दुसऱ्या वर्षीचे एक पोस्टर अजून माझ्याजवळ आहे. विषय वाचनाचा आहे आणि त्यावरच्या ओळी वाचता येत नाहीत. अक्षरांना मी सावली दिली होती, बाह्यरेषा दिली होती, मागे पोत टाकला होता आणि शिरोरेषेला वेलीसारखे वळण दिले होते. त्याला वर्गात चांगले गुण मिळाले. त्याच वर्षी आम्हाला बोरूने देवनागरी गिरवायला लावले होते, कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके दाखवली होती, अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून घडवलेली अक्षरे दाखवली होती. मी त्यांतले वळण तेवढे उचलले. शेडगे यांच्या शीर्षकांत नाटकाचा स्वभाव आधी येतो आणि वळण त्याच्या मागून, हे पाहायला लागणारा डोळा तेव्हा माझ्याजवळ नव्हता.

शेवटच्या वर्षी पहिला प्रकल्प माहितीच्या मांडणीवर होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी मेट्रो, विमानतळ, रुग्णालय असे विषय घेतले. मी दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जिथे गाडी बदलते ते सातारा–पंढरपूर रस्त्यावरचे एक बसस्थानक घेतले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. इतक्या वर्षांत गावोगावच्या बसस्थानकांवर वेळापत्रकाचा फलक एका ठरावीक रूपात रुळला आहे: वरपासून खालपर्यंत सुटण्याच्या वेळा, त्यापुढे शेवटच्या ठिकाणाचे नाव, आणि जागा उरली तर त्याच्या पुढे बारीक अक्षरांत ‘मार्गे’. मी निवडलेल्या स्थानकावरच्या फलकाचा रंग उडाला होता आणि बऱ्याच वेळा खडूने दुरुस्त केलेल्या होत्या. हे नीटनेटके करून द्यायचे, एवढेच माझे काम आहे असे मी धरून चालले होते.

पहिला फलक मी तीन आठवडे खपून केला. चोवीस तासांची वेळ, प्रत्येक प्रकारच्या गाडीला वेगळा रंग, साधी, जलद आणि विनाथांबा यांसाठी तीन चिन्हे, आणि डोळ्यांना सुख देणारी ओळी-रकान्यांची जाळी. संगणकाच्या पडद्यावर तो फार देखणा दिसत होता. वाहतूक नियंत्रकांची परवानगी घेऊन मी त्याचा मोठा प्रिंट चौकशीच्या खिडकीशेजारी लावला आणि समोरच्या बाकावर दोन दिवस वही घेऊन बसले.

दोन दिवसांत त्या फलकासमोर थांबलेली माणसे मोजायला माझ्या हाताची बोटे पुरली असती. माणसे आत येत, सरळ खिडकीशी जात आणि विचारत. एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून आल्या, माझ्या फलकाला जवळजवळ खांदा लावून उभ्या राहिल्या आणि खिडकीत वाकून म्हणाल्या, “गोंदवल्याला कुठली जाती ओ?” आतून उत्तर आले, “पंढरपूर लागलीया चारला. बसा जाऊन.” बाई निघून गेल्या. माझ्या फलकावर ती गाडी होती, वेळ बिनचूक होती, अक्षरे मोठी होती. पण तिथे ‘पंढरपूर’ लिहिले होते आणि त्यांना पंढरपूरला जायचे नव्हते. नियंत्रकांच्या त्या छोट्याशा उत्तरात गाडी कोणती, ती आली आहे की नाही आणि कोणत्या फलाटावर उभी आहे, या तिन्ही गोष्टी होत्या. माझ्या फलकात यांतली पहिलीच काय ती होती, आणि तीही फक्त ज्याला हा रस्ता आधीपासून ठाऊक आहे त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी फलकाकडे बघायचे सोडले आणि खिडकीवर विचारले जाणारे प्रश्न लिहून घेऊ लागले. अमुक गावाला कोणती जाते, लागली का, गेली का, अमक्या फाट्यावर थांबते का, मुक्कामी किती वाजता आहे. “दहा वाजून पंधरा मिनिटांनी कोणती गाडी सुटते?” असे त्या दोन दिवसांत एकाही माणसाने विचारले नाही. आणि वर्षानुवर्षे फलक मात्र नेमक्या त्याच प्रश्नाचे उत्तर देत उभा आहे, कारण तो आगाराच्या सोयीने लावलेला आहे. गाड्या सोडणाऱ्याला वेळेचा क्रम लागतो. बसणाऱ्याला आपले गाव लागते, आणि आमच्या भागात बहुतेकांचे गाव शेवटचे ठिकाण नसते, ते वाटेत कुठेतरी असते. म्हणजे बहुसंख्य प्रवाशांच्या कामाची माहिती ‘मार्गे’ या शब्दाच्या पुढे, सगळ्यांत बारीक अक्षरांत, जागा उरली तर, अशी लिहिलेली होती.

इथून काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी मानते. दुसऱ्या आराखड्यात मी फलक उलटा केला. आमच्याकडे माणसे दिशेला ‘बाजू’ म्हणतात: सातारा बाजू, पंढरपूर बाजू, फलटण बाजू. तेच शब्द घेऊन फलकाचे तीन उभे भाग पाडले, आणि प्रत्येक भागात गावे रस्त्यावर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने वरून खाली लिहिली. सातारा बाजूला पुसेगाव, कोरेगाव. पंढरपूर बाजूला गोंदवले, म्हसवड, पिलीव. गावाच्या नावापुढे फलाट आणि मग वेळा. स्थानिक माणसाला हा क्रम तोंडपाठ असतो, त्यामुळे त्याला आपले गाव शोधावे लागत नाही, तो थेट तिथे पोचतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र हा क्रम निरुपयोगी आहे, आणि गोंदवलेकर महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला मुंबई-पुण्याहून येणारी माणसे या रस्त्यावर बारा महिने असतात. त्यांच्यासाठी बाजूला अकारविल्हे गावांची यादी दिली. आमच्या सरांना हे पटले नव्हते. एकच माहिती दोनदा देणे हा मांडणीतला दोष आहे असे त्यांचे म्हणणे होते. मी ती यादी ठेवली. त्या दोन दिवसांत खिडकीशी आलेल्या दोन्ही प्रकारच्या माणसांना मी पाहिले होते, आणि दोघांनाही एकच रस्ता दाखवणे मला बरोबर वाटत नव्हते.

मुक्कामी गाडीला मी स्वतंत्र जागा दिली. शहरात वाढलेल्या माझ्या मैत्रिणींना हा शब्दही नवा होता, म्हणून सांगते: संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जाणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे तिथून निघणारी ती मुक्कामी. ती चुकली की रात्र स्थानकावर काढावी लागते किंवा कोणाच्या तरी दुचाकीची विनवणी करावी लागते. बारावीला असताना क्लास सुटायला उशीर झाला की मी त्या गाडीसाठी धावत आलेली आहे. वेळेच्या यादीत ती शेवटची एक ओळ असते. माझ्या फलकावर प्रत्येक बाजूच्या तळाशी एक पट्टा आहे, आणि त्यात फक्त मुक्कामी गाडीचे गाव आणि तिची वेळ आहे.

मग अक्षरांचा आकार. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. याचा परिणाम कोणत्याही स्थानकावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. बाकांवर बायका आणि म्हातारी माणसे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणजे फलक वाचणारे डोळेही बदलले आहेत. मी वेगवेगळ्या आकारांत गावांची नावे छापून घरी आणली आणि अंगणाच्या एका टोकाला दोरीवर लावून आजीला दुसऱ्या टोकाला उभे केले. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. तिने पहिलेच नाव ‘गोदवले’ असे वाचले. मी पुढे जाऊन पाहिले, तर माझ्या ठळक अक्षरांत अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला इतका चिकटून बसला होता की लांबून तो रेषेत विरघळून जात होता. म्हसवडमधला अर्धा म हला टेकला होता. पिलीवमधल्या दोन्ही वेलांट्यांचे वरचे डोके एकमेकांत मिसळून एकच छप्पर झाले होते. पडद्यावर दोनशे टक्के मोठे करून पाहताना यांतले एकही मला दिसले नव्हते.

त्या संध्याकाळी अंगणात आम्ही तीन तास वाचत होतो. आजी कंटाळली नाही. गोंदवले दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द, आणि पाट्यांवर ती ‘बु.’ आणि ‘खु.’ अशी लिहिण्याची पद्धत आहे. एवढ्या अंतरावरून दोन्हींचा फक्त उकार दिसतो आणि दोन्ही सारखीच भासतात, हेही तिच्यामुळे कळले. अंतिम फलकावर दोन्ही शब्द पूर्ण लिहिले आहेत, आणि त्यासाठी रकाना रुंद करावा लागला म्हणून गाडीच्या प्रकाराची चिन्हे काढून टाकली. त्या तीन चिन्हांवर मी आधी आठवडाभर काम केले होते. ती काढताना वाईट वाटले नाही, आणि आपण दोन वर्षांपूर्वीच्या मुलीहून वेगळे झालो आहोत, असे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

पाकिटाचे काम त्या मानाने लहान होते. आमच्याच भागातल्या एका बचत गटाच्या बायका हुलग्याचे पीठ करून विकतात. माणदेशात हुलगा पूर्वीपासून पिकतो, आणि त्याचे माडगे, म्हणजे पिठाचे गरम पातळ कालवण, आजारी माणसाला आणि बाळंतिणीला आवर्जून देतात. मी पाकिटावर हुलग्याच्या शेंगेचे रेखाचित्र काढले होते. गटाच्या अध्यक्ष काकू ते बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “शेंग झकास काढलीस गं. पण पुण्याच्या माणसानं शेंग बघितलीया का कधी? त्याला वाटी दाखव, वाफ निघणारी.” मी रेखाचित्र मागच्या बाजूला नेले आणि पुढे माडग्याची वाटी आली. बाकी पाकिटाची निम्मी जागा नियमांनीच ठरवून दिलेली असते: निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगची तारीख, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. पूर्वी मी हा मजकूर कुठेतरी कोपऱ्यात लोटून दिला असता. या वेळी आधी तोच मांडला, कारण हातात पाकीट घेणारा माणूस किंमत आणि तारीख शोधतो, आणि ती शोधताना त्याला चश्मा काढावा लागू नये असे वाटले.

छपाईत मात्र एक घोटाळा झाला आणि तो मला पुढच्या प्रकल्पाकडे घेऊन गेला. मागच्या बाजूला माडगे करण्याची कृती होती आणि तिच्या शेवटी ‘बाजरीच्या भाकऱ्यांसोबत वाढावे’ असे वाक्य होते. छापून आले ते ‘भाकर्यांसोबत’. मी फाईल मजकुरासकट पाठवली होती, कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांची चित्रे करून, दिली नव्हती. छापखान्यातल्या जुन्या प्रणालीने फाँट बदलला, आणि बदललेल्या फाँटमध्ये मराठीचा तो आडवा अर्धा र नीट बसवलेलाच नव्हता. दोनशे स्टिकर तसेच छापले गेले. काकू म्हणाल्या की कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण मराठीत दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत, आचार्यांना दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद लिपीने सांभाळायचा असतो. स्टिकर मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिले.

शेवटचा प्रकल्प फाँटचा घेतला तो त्यामुळे. शाळेतल्या संगणकावर मी मराठीत पहिला शब्द टाइप केला तो मंगल या फाँटमध्ये, आणि मंगल हा अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे हे मला कळायला चौथे वर्ष उजाडले. त्याच्याही मागे जायचे तर जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ साली मुंबईत टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, राणू रावजी आरू यांनी कोरले. ग्रंथालयात निर्णयसागरचे एक जुने पुस्तक भिंगाखाली धरून मी एक आख्खी सकाळ घालवली. इतक्या लहान आकारात जोडाक्षरांच्या आतले पांढरे कण उघडे राहिले आहेत, आणि ते ज्याने पोलादावर हाताने कोरले त्याच्यापुढे दुरुस्त करायला मागे घेण्याची कळ नव्हती. आजच्या काळातले म्हणून मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि मोदक हे फाँट अभ्यासाला घेतले. ते मुक्त परवान्याने उपलब्ध असल्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्याला उघडून आतून पाहता येतात, आणि माझे निम्मे शिक्षण त्या उघड्या फाइलींतून झाले असे म्हणायला हरकत नाही.

माझा विषय होता एसटीच्या पाट्या. गाडीच्या काचेमागे लावतात ती हाताने रंगवलेली पाटी ठरावीक लांबीची असते, आणि तिच्यावर ‘वाई’ही बसवायचे असते आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ही. अशा पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या रंगाऱ्याकडे मी तीन दिवस गेले. ते आधी शब्द मनात म्हणतात, बोटांनी पाटीवर माप घेतात, आणि मग अक्षरे अरुंद करतात. पण सगळी सारखी नाही. काना आणि दंड यांच्यामधली जागा ते आधी आवळतात, ग आणि श यांचे दोन भाग जवळ आणतात, आणि ळला शेवटपर्यंत हात लावत नाहीत. “ळ दाबला की मेला,” असे ते म्हणाले. घरी येऊन मी ळ अरुंद केला तेव्हा त्याच्या दोन्ही गाठी भरून आल्या आणि एक काळा डाग तयार झाला. मराठीत ळ किती ठिकाणी येतो हे पाहायला गावांची यादीच पुरे आहे: पळशी, पिंगळी, मलवडीशेजारचे आंधळी.

अशा पाट्यांसाठी रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तीन मापांत एकच अक्षरकुळी करायची असे मी ठरवले होते. चार महिन्यांत मध्यम माप जवळजवळ पूर्ण झाले आणि अरुंद निम्मे झाले. देवनागरीत स्वर आणि व्यंजने काढून होतात तेव्हा कामाला सुरुवात झालेली असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते आणि तिची कमान त्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचावी लागते, म्हणून ‘रि’साठी आखूड, ‘कि’साठी लांब आणि ‘क्ति’साठी त्याहूनही लांब अशा अनेक वेलांट्या वेगवेगळ्या काढाव्या लागतात. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की दोघांना मिळून नवी जागा द्यावी लागते. ल आणि श ही दोन अक्षरे मी मराठी वळणाचीच ठेवली. राज्य शासनानेही नोव्हेंबर २०२२मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरण्याविषयी निर्णय काढला आहे, पण माझ्यासाठी कारण त्याहून जवळचे होते. ज्या पाट्या वाचत मी मोठी झाले त्यांच्यावर हीच वळणे होती. आणि अर्धा र मी सगळ्यांत आधी काढला.

आता हे तीनही प्रकल्प एकत्र पाहताना मला दिसते की दुसऱ्या वर्षाच्या पोस्टरमधली मी आणि आताची मी यांच्यामध्ये आलेला फरक हाताच्या कौशल्याचा फारसा नाही. माझी रेषा तेव्हाही बरी होती. तेव्हा मी कागद भरून झाला की दोन पावले मागे सरून स्वतःचे काम बघत असे. आता ते काम दुसऱ्या कोणाला तरी दाखवून मी त्या माणसाकडे बघत उभी राहते. आजी ‘गोदवले’ वाचते तेव्हा चूक आजीची नसते हे मान्य करायला मला तीन वर्षे लागली, आणि ती लागली याचे मला वाईटही वाटते, कारण त्या तीन वर्षांत मी बरेच न वाचता येणारे काम केले आणि त्याचे कौतुकही करून घेतले. आमच्या शिक्षणात काम भिंतीवर टांगून तपासले जाते आणि तपासणारे सगळे मांडणीतले जाणकार असतात. त्यामुळे ज्याला ते वाचायचे आहे तो माणूस तपासणीच्या वेळी खोलीत नसतो. पुढे कधी शिकवायची वेळ आली तर मी मुलांना निदान एक प्रकल्प तरी बाकावर बसून तपासायला लावीन.

ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाँटच्या मोठ्या पोस्टरपुढे बराच वेळ घालवला, पाकीट हातात घेऊन फिरवून पाहिले, आणि बसस्थानकाच्या फलकावरून ते लवकर पुढे गेले. त्यांचे म्हणणे होते की तो दिसायला साधा आहे. तो साधा आहेच. तरीही चार वर्षांतले माझे सगळ्यांत चांगले काम कोणते असे कोणी विचारले तर मी त्याच्याकडेच बोट दाखवीन.

पुण्याहून घरी येताना मी त्याच स्थानकावर गाडी बदलली. फलकाचा अंतिम प्रिंट मी हिवाळ्यात लॅमिनेट करून नियंत्रकांना देऊन ठेवला होता. तो अजून खिडकीशेजारी लावलेला होता, आणि कोपऱ्यांची चिकटपट्टी कोणीतरी नव्याने लावली होती. जवळ जाऊन पाहिले तर त्यावर ठिकठिकाणी पांढरे तुकडे चिकटवलेले होते. तिकिटाच्या यंत्रात घालतात त्या कागदाच्या गुंडाळीचे तुकडे कापून, त्यांवर बॉलपेनने नव्या वेळा लिहून, ते माझ्या छापलेल्या वेळांवर लावले होते. पंढरपूर बाजूच्या रकान्यात दोन गावांच्या मध्ये आणखी एका वस्तीचे नाव घातले होते. तिथे अलीकडे थांबा झाला आहे. मुक्कामीच्या पट्ट्यात वेळ दोनदा बदललेली दिसत होती.

नियंत्रकांनी मला ओळखले. “ताई, तुमचा कागद चकचकीत आहे, पेन चालत नाही त्याच्यावर,” ते म्हणाले. “खरबरीत मिळतो का बघा. आणि वेळ बदलली की मला फाडायला लागू नये, असं काहीतरी करा.” मी फलक गावांच्या क्रमाने लावला, अक्षरे आजीकडून वाचवून घेतली, पण वेळा बदलणाऱ्या माणसाचा विचार केलेलाच नव्हता, आणि तो माणूस तर मी बाकावर बसले होते तेव्हा दोन्ही दिवस माझ्या समोर खिडकीत होता.

नवा फलक आता तयार होत आहे. गावांची नावे छापलेली, वेळेचा रकाना कोरा आणि मॅट, मुक्कामीच्या जागी वरून सरकवता येईल अशी पट्टी. कोणत्या लॅमिनेशनवर बॉलपेन उठते आणि कोणत्यावरून ते ओल्या फडक्याने निघते, हे पाहण्यासाठी मी पाच नमुने करून घेतले आहेत, आणि सोमवारी सकाळच्या गाडीने ते घेऊन स्थानकावर जाणार आहे.